‘काका, एक जंताची गोळी द्या’

संध्याकाळी सात-साडेसातला कोपरखैरण्यातल्या आमच्या मेडिकलवर पाय ठेवायला जागा नसते. कुणाला बीपीच्या गोळ्या हव्यात, कुणाला डायपर, कुणाला नुसतेच शंभराचे सुटे. त्या गडबडीत दिवसाआड एक वाक्य कानावर पडतंच, ‘काका, एक जंताची गोळी द्या.’ कुणासाठी, म्हणून विचारलं की उत्तरं ठरलेली. पोरगा रात्री दात खातो. गालावर पांढरे चट्टे आलेत. गोड फार खातो. कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही.

आणि कधीतरी एपीएमसीत बोजा वाहणारा एखादा माथाडी येतो. त्याला जंताची गोळी नको असते. मागे असाच एक जण आला होता. चाळिशीचा, साताऱ्याकडचा, ओठ पांढुरके पडलेले. ‘काका, चार गोणी उचलल्या की धाप लागते. ताकदीचं टॉनिक द्या काहीतरी.’ टॉनिक दिलं नाही, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या खाली, शौच तपासली तर त्यात आकडेकृमीची अंडी. हा गडी दर पावसाळ्यात भाताच्या लावणीला गावी जायचा आणि पंधरा-वीस दिवस अनवाणी चिखलात उभा राहायचा.

पंचवीस वर्षं औषधं दिल्यावर माझा एक हिशेब पक्का झालाय. जे जंताची गोळी मागायला येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना जंत नसतात. आणि ज्यांना असतात, ते भलतंच काहीतरी मागतात. त्यामुळे गोळी घेण्याआधी चार गोष्टी समजून घेतल्या तर पैसे वाचतात, क्वचित जीवही.

आधी दात खाण्याचं. झोपेत दात खाणारी मुलं घरोघर असतात आणि बहुतेकांची ती सवय वयाबरोबर आपोआप जाते. तिचा जंतांशी संबंध जोडायला पक्का आधार नाही. गालावरचे फिकट पांढरे चट्टे हा कोरड्या त्वचेचा प्रकार. उन्हाळ्यात रापलेल्या चेहऱ्यावर ते जास्त उठून दिसतात, एवढंच. त्यांना गोळी नव्हे, साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लागतं. राहता राहिलं गोड. साखरेतून जंत होत नाहीत. जंतांची अंडी मातीत असतात, ती हाताला, नखांना, भाजीला लागून तोंडात जातात. जिलबी न धुतलेल्या हाताने खाल्ली तर दोष हाताचा.

मग खरी लक्षणं कोणती? शौचात किंवा उलटीत जंत डोळ्यांना दिसला, तर शंकाच उरली नाही. रात्री शीच्या जागी खाज सुटून मूल झोपेतून उठत असेल, तर सूतकृमी बहुधा नक्की. विनाकारण पांढरं पडणं, थोडं चाललं की थकणं, पोट फुगलेलं आणि हातपाय काडीसारखे, ही लक्षणं जंतांची असू शकतात. आणखी एक खूण आया लाजून सांगतात. मूल माती खातं, भिंतीचा चुना चाटतं, पाटीवरची पेन्सिल कुरतडतं. काही गरोदर बायकांनाही भाजलेल्या मातीचे खडे खावेसे वाटतात. यात फेरा दुहेरी असतो. अंगातलं लोह कमी झालं की माती खावीशी वाटते आणि मातीतून जंत आत गेले की लोह आणखी कमी होतं. अशा वेळी नुसती जंताची गोळी किंवा नुसती लोहाची गोळी पुरत नाही, दोन्ही लागतात.

आपण ‘जंत’ म्हणतो तेव्हा एकाच शब्दात चार-पाच वेगवेगळे प्राणी कोंबलेले असतात, आणि औषधाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा. गोल जंत पेन्सिलीएवढा जाड आणि 20 ते 35 सेंटीमीटर लांब. त्याची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती अंडी मातीत दोन-तीन आठवडे मुरली की मग कुणाला बाधू शकतात. पोटात गेल्यावर त्यातून निघालेली अळी आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून खोकल्याबरोबर घशात आणि गिळली गेली की परत आतड्यात, अशी प्रदक्षिणा घालते. दोन-तीन महिन्यांनी ती स्वतः अंडी घालायला तयार. आकडेकृमी जेमतेम सेंटीमीटरभर, पण आतड्याला दातांनी लटकून रक्त पितो. तो तोंडावाटे कमी आणि अनवाणी तळव्यातून जास्त शिरतो. पायाला चिखल्या झाल्यात असं समजून लोक मलम लावत बसतात, ती खाज कधी कधी त्याच्या शिरण्याची असते. चाबूककृमी मोठ्या आतड्यात रुतून बसतो. हे तिघे मातीतून येणारे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे 150 कोटी लोकांच्या पोटात यांपैकी कुणीतरी आहे. सूतकृमीचा मातीशी संबंध नाही, तो घरातल्या घरात फिरतो. आणि पट्टकृमी अर्धकच्च्या मांसातून येतो.

या सगळ्यांवर मेडिकलमध्ये जी एक गोळी मिळते ती अल्बेन्डाझोल, 400 मिलिग्रॅम. झेंटेल म्हणा, बँडी म्हणा, पाकीट वेगळं पण आतलं औषध एकच. लहानांसाठी हेच औषध दहा मिलीच्या छोट्या बाटलीत मिळतं. ती पूर्ण बाटली म्हणजे बहुधा एक पूर्ण गोळी, पण लेबलावर मिलीला किती मिलिग्रॅम ते वाचा आणि बाटली हलवल्याशिवाय पाजू नका, औषध तळाशी बसलेलं असतं. कायद्याने हे औषध चिठ्ठीवर द्यायचं आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. तरी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायला का सांगतो, ते पुढे येईलच.

‘गोळी दिली, पण काहीच पडलं नाही,’ ही तक्रार मी शेकड्याने ऐकली असेल. पूर्वी रविवारी सकाळी मुलांना रांगेत बसवून नाक दाबून एरंडेल पाजायचे आणि मग दिवसभर घरातल्यांची संडासाकडे पळापळ. त्या पिढीच्या डोक्यात औषध म्हणजे ‘पाडणं’ हे घट्ट बसलंय. पायरँटेलसारखं औषध जंताला लुळं करतं, म्हणून तो जिवंत-अर्धमेला बाहेर पडताना दिसतो. अल्बेन्डाझोलची तऱ्हा निराळी. ते जंताच्या पेशींतली सूक्ष्म नळ्यांची रचना मोडतं, मग त्याला साखर शोषून घेता येत नाही. जंत दोन-तीन दिवसांत उपाशी मरतो आणि बऱ्याचदा विरघळूनच जातो. काही दिसलं नाही म्हणजे गोळी वाया गेली असं नाही. जुलाबाचं औषध वेगळं द्यायची तर अजिबात गरज नाही.

आता मात्रा. एक वर्षाखालच्या बाळाला ही गोळी द्यायची नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, म्हणजे 200 मिलिग्रॅम. दोन वर्षांपासून पुढे, आजोबांपर्यंत सगळ्यांना एकच पूर्ण गोळी. वजन दुप्पट म्हणून गोळ्या दोन, असं याच्यात नसतं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून पार भुगा करायची आणि पाण्यात कालवून द्यायची. मोठ्यांनी चावून खायची, मग वर पाणी. रडणाऱ्या, लाथा झाडणाऱ्या पोराचं नाक दाबून गोळी तोंडात कोंबणं ही या औषधातली सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. औषधाने होत नाही ते ठसक्याने होतं. गोळी श्वासनलिकेत गेली तर खेळ संपला. मूल रडत असेल तर अर्धा तास थांबा, उद्या द्या, काही बिघडत नाही.

उपाशी पोटी की जेवून? पोटातल्या जंतांसाठी कसंही चालतं. थोडं काही खाल्लेलं असलं तर मळमळ कमी होते, इतकंच. तूप-लोण्याच्या जेवणावर घेतली तर हे औषध रक्तात पाचपटीपर्यंत जास्त उतरतं. यकृतातल्या पाण्याच्या गाठीवर किंवा मेंदूतल्या गाठींवर डॉक्टर मुद्दाम तशी द्यायला सांगतात. आपल्याला औषध आतड्यातच राहायला हवंय, म्हणून तुपाचा आग्रह नको.

एका गोळीत काय काय जातं, तेही समजून घ्या. गोल जंत बहुधा साफ. आकडेकृमी बऱ्यापैकी. चाबूककृमी मात्र निगरगट्ट, एका गोळीला तो दाद देत नाही. तपासणीत तोच निघाला तर डॉक्टर तीन दिवसांचा कोर्स किंवा दुसरं औषध देतात. पट्टकृमीला साधारण प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड लागतं. शौचाची तपासणी करायची तर एकदा ‘काही नाही’ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने दिले तर निदान भरवशाचं. नमुना सकाळचा, कोरड्या डबीत, लघवी न मिसळलेला. चॉकलेटच्या डब्यात आणलेला नमुना लॅबवाल्याने परत पाठवलेला मी पाहिलाय.

अलीकडे ‘ती दोन औषधंवाली द्या, जास्त पॉवरची’ असं म्हणणारे वाढलेत. त्या गोळीत अल्बेन्डाझोलबरोबर आयव्हरमेक्टिन असतं. हे औषध उत्तमच आहे. जपानमधल्या मातीतल्या जिवाणूपासून ते सापडलं आणि त्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 साली नोबेल मिळालं. हत्तीरोग, खरूज आणि स्ट्राँगिलॉइड्स नावाच्या चिवट जंतावर ते कामाचं. पण साध्या गोल जंतासाठी ते घ्यायची गरज नाही आणि 15 किलोंखालच्या मुलांना ते देतच नाहीत. कोविडात या औषधाचं काय झालं ते आठवतं? मे 2021 मध्ये गोव्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा झाली, जागतिक आरोग्य संघटना उलट सांगत असताना. आमच्याकडे तेव्हा स्ट्रिपा मागायला रांग लागली होती. जंताच्या औषधाला एवढी इज्जत मी ना आधी पाहिली ना नंतर.

आता शाळेतल्या गोळीबद्दल. राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 पासून सुरू आहे, मूळ तारखा 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट. महाराष्ट्रात तारखा पुढेमागे होतात, म्हणून शाळेचा किंवा अंगणवाडीचा निरोप हाच खरा. एक ते एकोणीस वयाच्या सगळ्यांना, सरकारी असो की खासगी शाळा, गोळी फुकट मिळते. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर आठवड्याभराने पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो. शाळेत न जाणाऱ्या मुलालाही अंगणवाडीत मिळते. बेलापूरपासून दिघ्यापर्यंतचं काम नवी मुंबई महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं पाहतात. खारघर, कामोठे, कळंबोलीकरांनी मात्र 2016 मध्ये झालेल्या पनवेल महापालिकेकडे चौकशी करायची. टपालाच्या पत्त्यात नवी मुंबई असल्यामुळे लोक इथे चुकतात.

दरवेळी जंतनाशक दिनाच्या आदल्या दिवशी सीवूड्स-पाम बीचकडच्या आयांचे फोन येतात, ‘आमच्या मुलाला कशाला? आमच्याकडे आरओ आहे.’ आरओचा इथे संबंधच नाही. मोरबे धरणाचं पाणी प्रक्रिया होऊनच नळाला येतं. जंत येतो तो सोसायटीच्या बागेतल्या वाळूतून, टपरीवरच्या चटणीतून, वर्गातल्या शेजारच्या पोराच्या हातातून. शिवाय हलक्या लागणीत काहीच लक्षण दिसत नाही. एकेका मुलाची शौच तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदम गोळी देणं स्वस्त पडतं आणि औषध एवढं सुरक्षित आहे की जंत नसलेल्या मुलालाही त्याने अपाय होत नाही. म्हणून सगळ्यांना. मला स्वतःला हा सरकारी हिशेब पटतो. जिथे वीस ते पन्नास टक्के मुलांना लागण तिथे वर्षातून एकदा, जिथे निम्म्याहून जास्त मुलांना लागण तिथे दोनदा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे.

मात्र शाळेत घेतली असेल तर घरी पुन्हा देऊ नका. ‘शाळेची गोळी साधी असते’ म्हणून विकतची वर देणारे पालक आहेत. दोन्ही 400 मिलिग्रॅमच्याच.

गोळीनंतर पोटात कळ, मळमळ, एखादी उलटी, थोडी मरगळ येऊ शकते. पोटात जंत जास्त असतील तर जरा जास्त. शंभर मुलांत एकाने ओकारी काढली की बाकीच्या दहा जणांना गरगरायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘विषबाधा’ छापून येतं. शिक्षकांनी उलटी करणाऱ्याला बाकीच्यांच्या नजरेआड सावलीत झोपवावं, पाणी, ओआरएस द्यावं. दोन-तीन तासांत मूल खेळायला लागतं. न थांबणारी उलटी, अंगावर पित्त उठणं किंवा श्वासाला त्रास दिसला तर वाट न पाहता 108. नुसतं विचारायचं असेल तर 104.

आता ज्यांनी ही गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही त्यांच्याबद्दल. यासाठीच वर डॉक्टरांचं नाव काढलं. पहिले, फिट येणारे. पट्टकृमीच्या अंड्यांतून मेंदूत गाठी होतात आणि आपल्याकडे मोठ्या वयात अचानक फिट येण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. अशा माणसाने अल्बेन्डाझोल किंवा प्राझिक्वांटेल घेतलं तर मेंदूतला जंत मरताना आजूबाजूला सूज येते आणि फिट उसळू शकते. उपचार त्याच औषधाचा असतो, पण स्टिरॉइडच्या आणि फिटच्या गोळ्यांच्या आडोशाने, डॉक्टरांच्या नजरेखाली. मुलाला कधीही फिट आली असेल तर शाळेच्या चिठ्ठीवर ते लिहून कळवा आणि आधी डॉक्टरांना विचारा. ‘कोबीतला किडा डोक्यात जातो’ ही गोष्ट याच आजाराचं विडंबन आहे. कोबीतली हिरवी अळी शिजली तर कुणाचं काही बिघडवत नाही. भाजीवर माणसाच्या विष्ठेतून आलेली पट्टकृमीची अंडी बसलेली असतील तर ती घातक, मग भाजी कोबी असो की मेथी. आणि म्हणूनच जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो.

दुसऱ्या, गरोदर बायका. पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी नाही. दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी आधी तपासणी. चौथ्या महिन्यानंतर सरकारी दवाखान्यात रक्तवाढीच्या लाल गोळ्यांबरोबर एक अल्बेन्डाझोल स्वतःहून देतात, ती घ्यावी. तिसरं, तापाने फणफणलेलं किंवा दुसऱ्या कशासाठी औषधं चालू असलेलं मूल. बरं झाल्यावर दिली तरी चालते. चौथे, यकृताचा आजार असलेले.

आणि एक गट असा की त्याला कुणी विचारत नाही. दमा, संधिवात किंवा आणखी कशासाठी जे महिनोन्महिने स्टिरॉइड घेणार आहेत ते. स्ट्राँगिलॉइड्स हा जंत अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की बेसुमार वाढतो. गावी शेतात अनवाणी राबलेलं असेल तर स्टिरॉइड सुरू होण्याआधी डॉक्टरांना तेवढं एक वाक्य सांगा.

आता माझी एक चूक. नेरूळहून एक ताई यायच्या. सात वर्षांच्या मुलीला रात्री खाज. एक गोळी दिली. महिन्याने परत आल्या, पुन्हा दिली. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा वैतागून म्हणाल्या, ‘तुमच्या औषधात काही दम नाही.’ दम औषधात होता, डोकं माझं चाललं नव्हतं. सूतकृमीची मादी रात्री बाहेर येऊन त्या जागेभोवती अंडी घालते. मूल खाजवतं, अंडी नखांत, नखांतून तोंडात. चादरीवर, उशीवर, टॉवेलवर ती दोन-तीन आठवडे तग धरतात. गोळी मोठ्या जंताला मारते, अंड्यांना नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची (आई गरोदर नसेल आणि बाळ वर्षाखालचं नसेल तर), आणि दोन आठवड्यांनी सगळ्यांनी पुन्हा. गोळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ, चड्डी-चादरी गरम पाण्यात, चादर झटकायची नाही, कडक उन्हात वाळवायची. नखं बुडापर्यंत कापायची. झोपताना घट्ट चड्डी. मी दोन्ही वेळा एकट्या मुलीला गोळी दिली होती आणि तिच्या बिछान्यात झोपणारा धाकटा भाऊ तसाच होता. खात्री करायची असेल तर सकाळी मूल उठल्याबरोबर, धुण्याआधी, त्या जागी पारदर्शक सेलोटेप दाबून काचपट्टीवर चिकटवून लॅबमध्ये द्यायची. शौचाच्या तपासणीत सूतकृमी सहसा सापडत नाही.

घरगुती औषधांविषयी विचारलं नाही असा दिवस जात नाही. वावडिंगाला आयुर्वेदात कृमिघ्न मानलंय, म्हणून ते बाळगुटीत असतं, त्याचं पाणी तान्ह्यांना देतात. पळसाच्या बिया, कंपिल्लक हीही जुनी औषधं. वैद्यांच्या सल्ल्याने घ्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती आकडेकृमीने हिमोग्लोबिन सातवर आलेल्या माणसाने महिनाभर वावडिंगाचं पाणी पीत बसण्याला. मला चरकसंहितेतली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिथे कृमींचा उपचार तीन पायऱ्यांत सांगितलाय: अपकर्षण म्हणजे जंत बाहेर काढणं, प्रकृतिविघात म्हणजे जंताला मानवणारी आतली स्थिती मोडणं आणि निदानपरिवर्जन म्हणजे ज्या कारणाने झाले ते टाळणं. आपण पहिल्या पायरीचे पैसे देतो आणि तिसरीवर पाय ठेवत नाही.

तिसऱ्या पायरीत केवढी ताकद आहे ते नारूने दाखवलंय. दुष्काळी भागातल्या म्हाताऱ्यांना विचारा, पायातून निघणारा हातभर लांब जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढताना त्यांनी पाहिलेला असतो. नारूवर औषध नव्हतं, आजही नाही. पाणी गाळून प्यायला लावलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, आणि भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये नोंदवला गेला. 2000 साली देश नारूमुक्त ठरला. एकही गोळी न देता.

आपल्या शहरात ही पायरी म्हणजे काय? पालेभाजी घेताना ती रुळांच्या कडेच्या पट्टीतली, नाल्याच्या पाण्यावर वाढवलेली आहे का, हे ओळखणं गिऱ्हाइकाच्या हातात नाही. पण मुळं कापून टाकून, पानं सुटी करून, वाहत्या नळाखाली तीन वेळा चोळून धुणं हातात आहे. पोटॅशियम परमँगनेट, व्हिनेगर, क्लोरीनचे थेंब यांवर फार विसंबू नका. गोल जंताच्या अंड्याचं कवच क्लोरीनला भीक घालत नाही. अंडी मरतात ती शिजवल्याने. म्हणून कोथिंबीर, कांद्याची पात, मुळा, कोशिंबिरीचा कोबी, म्हणजे जे कच्चं खातो, त्यावर जास्त पाणी खर्च करा. सोसायटीतल्या वाळूच्या खड्ड्यावर रात्री झाकण टाका, मांजरं तिथेच शी करतात आणि त्यांचे जंत वेगळेच उद्योग करतात. घरात कुत्रा असेल तर त्याचंही जंताचं औषध वेळेवर. उलव्यात, तळोज्यात इमारतीच्या साइटवर लेबर कॅम्प असेल तर तिथल्या मुलांच्या पायात चपला घालायचा खर्च एका मजल्याच्या टाइल्सपेक्षा कमी येतो, हे बिल्डरांना कुणीतरी सांगायला हवं.

तो साताऱ्याकडचा माथाडी नंतर अधूनमधून येत राहिला. अल्बेन्डाझोल आणि तीन महिने लोहाच्या गोळ्या. गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे, हे त्याला चारदा सांगावं लागलं. हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. ‘लावणीला गमबूट घाल,’ म्हटलं तर हसला. ‘काका, चिखलात गमबूट रुतला की पाय तेवढा वर येतो.’ त्याचं बरोबर होतं. मग डॉक्टरांनीच तोडगा काढला, दर वर्षी लावणीहून परतल्यावर महिन्याभराने गोळी.

गेल्या श्रावणात तो चिठ्ठी घेऊन आला. या वेळी गावाकडचं सगळं घर त्यात होतं. मी स्ट्रिपा काढून ठेवल्या आणि तो बोटांवर मोजायला लागला. तो, बायको, आई, भाऊ, स्वतःची दोन पोरं. सहा. दोन्ही पोरांनी शाळेत घेतलीय का, मी विचारलं. धाकट्याने गेल्याच आठवड्यात घेतली होती, थोरला त्या दिवशी गैरहजर. पाच. ‘भावाची पोरगी?’ ‘दीड वर्षाची.’ अर्धी, चमच्यात भुगा करून. ‘आणि भावजय?’

तो जरा घुटमळला. ‘तिला तिसरा महिना चाललाय.’

साडेपाच. उरलेली अर्धी फेकून दे, म्हणून सांगितलं आणि सहा गोळ्यांचे पैसे घेतले.